बोटीवरचे फुटाणे

वीरबाबा,

तुमचं खरं नाव घरात कुणालाच माहीत नाही. इंग्रजांच्या पायदळात तुम्ही शिपाई होतात, मुंबईहून पलटणीबरोबर बोटीत बसून या आखाताच्या पलीकडच्या किनाऱ्यावर लढायला गेलात आणि परत आला नाहीत, एवढंच पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. गोळी लागली की तापाने गेलात, कोण जाणे. सोबत्याने तुमच्या पट्ट्याचा पितळी बिल्ला तेवढा घरी आणून दिला. सोनाराने तो ठोकून तुमचा टाक केला, हातात तलवार घेतलेला. तलवार कसली डोंबलाची, तुमच्या खांद्यावर बंदूक असणार. पण सोनाराला देव घडवायची सवय. वडील गेल्यावर मी थोरला म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात. आता इथे कतारमध्ये, दोह्यात, मदिनत खलीफामधल्या आमच्या फ्लॅटच्या देव्हाऱ्यात असता.

धुळवडीला वडील तुम्हाला ओंजळीत घेऊन हलगीमागून नाचत नदीवर न्यायचे, अंघोळ घालायचे. घरी आल्यावर नैवेद्य. इतर सगळ्या देवांना पुरणपोळी, तुम्हाला मात्र फुटाणे आणि गूळ. लहानपणी मी एकदा विचारलं, "वीरबाबांना पोळी का नाही?" वडिलांनी डोळे वटारले. "बोटीवर दुसऱ्याच्या हातचं चालायचं नाही आणि स्वतःची चूल पेटवता यायची नाही. फुटाण्यांवर राहिला तो माणूस. त्याचं खाणं तेच. गप हात जोड." मी जोडले, आणि पुढे दर वर्षी जोडत आलो.

गेल्या शुक्रवारी गावाकडचा मित्र जेवायला आला. तो इथे ट्रेलर चालवतो, बरवा अल बराहाच्या कामगारवस्तीत एका खोलीत चौघांबरोबर राहतो. सवयीचा असेल म्हणून बायकोने त्याला कौतुकाने खुबूस, इथला बेकरीतला अरबी रोट, वाढला. त्याने तो हळूच ताटाच्या कडेला सारला. "वैनी, रागावू नका, पण ह्यो नको. ह्यो रोज गिळतोच की. भाकरी असंल तर बघा." बायको ओशाळून हसली आणि तिने बाजरीचं पीठ मळायला घेतलं. तव्यावरची भाकरी मोडून पहिला घास घेताना त्याने डोळे मिटले, आणि मला देव्हाऱ्यातले तुम्ही आठवलात. अहो, काय करत होतो आम्ही! ज्या फुटाण्यांना तुम्ही बोटीवर विटला असाल, तेच टाक होऊन घरी आल्यावरही तुमच्यापुढे ठेवत होतो, तेही हात जोडून.

मी आईला फोन केला. म्हटलं, यंदा वीरबाबांना भाकरी ठेवतो. ती भडकलीच. "तुझ्या बापाला कळत नव्हतं होय? घराण्याचा वीर आहे तो. कोपला म्हणजे? तुम्ही तिकडं परमुलखात, लेकरंबाळं घेऊन." मग रडायलाच लागली. आईचं भय खोटं कसं म्हणू? समुद्र ओलांडून गेलेला आमच्या घरातला पहिला माणूस तुम्ही, दुसरा मी.

आज धुळवड. तुम्हाला समुद्रावर नेणार होतो, पण वाटलं, खारं पाणी तुम्हाला पुरे झालं असेल. न्हाणीघरात गोड्या कोमट पाण्याने अंघोळ घातली. समोर भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा ठेवला आणि हे लिहायला बसलो. हे पत्र टाकायला पेटी कुठली असणार! इतक्यात आईचा फोन.

"फुटाणे ठेवलेस ना?"

"ठेवलेत. वाटीत, बाजूला."

मग ती हळूच म्हणाली, "आणि भाकरी? गरम आहे ना रे?"

मी हो म्हणालो. खरं सांगतो वीरबाबा, तुमच्यापुढे बसून मी इतका वेळ रडत होतो की भाकरी केव्हाच निवून गेली होती. थांबा जरा, दुसरी टाकतो.