दोन घंट्यांची वाट

पौष शु. ३
बरेच दिवस वही उघडली नाही, चूक माझीच. गोदीचं बाळंतपण, मग हळदीचा मळा. डोळेही साथ देत नाहीत.
आज जावई आले, गोदीला आणि बाळाला न्यायला. औरंगाबादेला विमानाच्या तळावर मिस्त्री आहेत. मशीन सांभाळायला विमानातून आदिलाबादेपर्यंत जातात. म्हणाले, "मामा, दोनशे मैल. दोन घंटे. तुमच्या मळ्यावरूनच जातो आमी."
आदिलाबादेला गाडीबैलानं जाताना मला कळमनुरीपासून चार मुक्काम पडायचे. दोन घंटे म्हणे.
मागून गोदी बोलता बोलता म्हणाली, तिकडे गेले की पुष्कळदा रात्रीचे राहतात. एवढीशी वाट, मग मुक्काम काहून? तिकडे दुसरं बिऱ्हाड तर...
संक्रांत होऊ द्या, मग पाठवतो, असं सांगितलं. जावई लगेच कबूल झाले. तेही मला आवडलं नाही.

पौष शु. ९
न्याहारीच्या वेळेला विमान उगवतीकडे गेलं. नवमीला जाणार हे जावई सांगूनच गेले होते. हिनं, गोदीच्या आईनं, बाळाला वर धरलं, "बघ रं, बाबा चालले तुहे!"
उन्हं कलायच्या आत परत मावळतीकडे गेलं. मी मळ्यातच होतो. डोळे अधू असतील, कान शाबूत आहेत. म्हणजे रात्री घरी. बरं वाटलं.

पौष व. १०
जावई आले. जेवताना सहज विचारलं, शुद्ध नवमीला कसं झालं?
"मशीन बिघडली मामा. रात्र आदिलाबादेतच काढली."
विमान परत जाताना मी स्वतः ऐकलं होतं...
हात धुऊन चुलीपाशी गेलो, हिला सांगितलं. म्हणाली, "दुसरं असंल इमान."
"आभाळात काय मोटारींचा अड्डा हाय का?"
"मंग इचारा की तोंडावर. जावयापुढं तर मांजर होता तुमी."
गोदी दारात उभी होती, सगळं ऐकलेलं. म्हणाली, "बाबा, तुमी हळद घेऊन पंधरा-पंधरा दिवस जायचे. आईनं कधी इचारलं, कुठं निजलात म्हणून?"
हिनं मान वर केली नाही. फुंकणीनं फुंकत राहिली.

पौष व. ११
गोदीला पाठवलं. "माझं घर हाय ते, जाऊन पाहीन," म्हणाली. जावयांनी बाळाला सांभाळून घेतलं, पाया पडले. माणूस वाईट दिसत नाही. वाईट माणसं तरी कुठं दिसतात?

माघ शु. २
सकाळी विमान उगवतीकडे गेलं. दिवस बुडाला तरी परत आलेलं नाही. वारा असेल. वाट बदलली असेल. खरंच मशीन बिघडली असेल. मग नवमीलाही बिघडली असेल, आणि मी ऐकलं ते काय होतं? ही म्हणते, आत या, गारठा पडला.
गोदे, उद्या कोणाच्या तरी हातून दोन ओळी धाडतो. आज ते कुठं होते ते मला नको सांगूस. तू सुखात आहेस का, तेवढं कळव. पण लवकर कळव, बाई.