शनिवारची न लिहिलेली नोंद

१४ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार

प्रिय ताई,

बारक्याचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं पत्रात लिहायची पद्धत असते म्हणून लिहितो. पुढे वाचशील तेव्हा ते तूच खोड.

धाकटीचा पुढचा दात पडला. आता ती कुणाशी बोलताना तोंडावर हात धरते आणि तरीही बोलायची थांबत नाही. ही शिवणाच्या ऑर्डरींमध्ये बुडालीय, घरभर दोरे. ऑफिसात माझ्याकडे आता साठ कॉम्प्युटर झालेत. नव्या साहेबांना वाटतं, एकही बंद पडला तर ते माझंच पाप. फार चूक नाही त्यांची.

तू म्हणशील, फोन असताना हा पत्र का लिहितोय? फोनवर तू मध्ये बोलतेस आणि मी लगेच विषय बदलतो, मला माझी सवय माहीत आहे. आमच्या ऑफिसातले भांडारवाले उद्या तुमच्याकडे येतायत, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. रविवारच्या आत तुला मिळायलाच हवं.

तुझा मेसेज वाचला. रविवारी अकरा वाजता वृद्धाश्रमाच्या ऑफिसात बाबांच्या सह्या, वीस तारखेला सामान हलवायचं, घर महिनाअखेर रिकामं. सगळं नीट ठरवलंयस. तुझ्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. ज्या माणसाला आपण काय केलं तेच आठवत नाही, त्याला गॅस आणि कुलपं सांभाळत एकटं ठेवायचं कसं?

तर, बाबांच्या त्या कॉम्प्युटरबद्दल.

तुला अर्धंच माहीत आहे. उन्हाळ्यापासून त्या मशिनीला अपडेटनं पछाडलं होतं. अपडेट यायचा, तासभर चक्र फिरायचं, सत्त्याण्णव टक्क्यांवर अडायचं, मग पडद्यावर यायचं की जमलं नाही, बदल मागे घेत आहोत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा जमला, तर प्रिंटर गेला. प्रिंटर आणला, तर आवाज गेला. बाबा रोज चारला फोन करायचे, "अरे, ते परत विचारतंय." मी म्हणायचो, "नंतर आठवण करा, ते दाबा." ते दाबायचे आणि वहीत लिहायचे.

ती वही तू पाहिलीयस. चौतीस वर्षं बॉयलरवर दर तासाला दाब आणि तापमान लिहिलेला माणूस, घरच्या मशिनीला वेगळं कसं वागवणार? 'दु. ४.१०. अपडेटने परवानगी मागितली. नाकारली.' 'सं. ५.२५. पुन्हा मागितली. धाकट्याला विचारून नाकारली.' मी हसायचो. म्हणायचो, "बाबा, हा बॉयलर नाही, फुटणार नाही." ते म्हणायचे, "नोंद नाही ती गोष्ट झालीच नाही, असं आमचे फोरमन म्हणायचे."

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी मी गेलो तेव्हा ते केस कापायला निघाले होते. म्हणाले, "मी येईपर्यंत हात लावू नकोस हं, अल्बमचं लिहिलेलं त्यातच आहे." मी बरं म्हटलं. ते कोपऱ्यावरून वळायच्या आत मी खुर्चीत बसलो होतो. मनात म्हटलं, साठ मशिनी सांभाळणारा मी, या एकीपुढे हात टेकू? अपडेटला हो म्हटलं. तो पुन्हा सत्त्याण्णववर अडला. वीस मिनिटं थांबलो आणि वैतागून भिंतीवरचं बटण बंद केलं. ऑफिसात पोरांनी असं केलं तर मी त्यांची सालटी काढतो.

त्यानंतर मशीन उठेचना. फायली ठेवून दुरुस्त करा, ते करून पाहिलं, नाही झालं. मग एकच वाट उरली, सगळं पुसून पहिल्यापासून. टेबलावर बाबांचा पेनड्राइव्ह होता. उघडून पाहायला दुसरी मशीन नव्हती. म्हटलं, बॉयलरवाला माणूस, कॉपी घेतलीच असणार. आणि दाबलं.

नवं सगळं बसल्यावर पेनड्राइव्ह लावला. चारशे बारा फोटो होते. कोण कुणाच्या शेजारी उभं आहे, आईच्या कडेवर कुणाचं मूल आहे, हे दोन वर्षं बसून एका बोटानं टाइप केलेलं त्यात नव्हतं. ती फाइल मी पुसलेल्या मशिनीतच होती.

मी मशीन बंद केली, खुर्ची होती तशी सरकवली आणि पळालो. हो ताई, पळालो. बेचाळीस वर्षांचा घोडा, दोन पोरींचा बाप.

सहाला त्यांचा फोन आला. "अरे, इथे सगळं कोरं आहे. तू काही केलंस का?"

मी म्हटलं, "नाही बाबा, मी तर लगेच निघालो. तुम्ही काही दाबलंत का?"

एवढंच बोललो मी. बाकी सगळं त्यानंतर आपोआप होत गेलं. वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "शनिवारची काहीच नोंद नाही रे. म्हणजे दाबलं, आणि लिहायलाही विसरलो." त्यांनी काहीच केलं नव्हतं म्हणून पान कोरं होतं. पण त्यांच्या हिशेबात नोंद चुकणं म्हणजे डोकं चुकणं. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी म्हटलं, "होतं बाबा असं, वयानुसार." वयानुसार! जीभ झडली कशी नाही माझी?

त्या दिवसापासून ते स्वतःवर पहारा ठेवू लागले. कुलूप तीनदा ओढायचं. गॅस बंद केला की शेजारच्या काकूंना बोलावून दाखवायचं. मी म्हटलं, "अल्बमचं पुन्हा लिहू, मी टाइप करतो, तुम्ही नुसतं सांगा." तर म्हणाले, "नको. माझा काय भरवसा? चुकीची नावं लिहीन, पुढची पिढी तेच खरं धरेल." आणि मी मान हलवली.

मग तू आलीस, डॉक्टरीणबाईंकडे नेलंस. मी बाहेर बाकावर होतो, दार अर्धं उघडं होतं. आज वार कोणता, विचारलं तर बाबा म्हणाले, "मंगळवार... ना?" मंगळवारच होता. प्रत्येक उत्तर बरोबर, आणि प्रत्येकाला शेपूट प्रश्नाचं. बाईंनी एवढंच लिहिलं की सहा महिन्यांनी पुन्हा तपासू. तू मात्र बाहेर येऊन रडलीस, आणि मी तुला पाणी आणून दिलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे चोरच सगळ्यांना पाणी वाटत होता.

आज सकाळी रजा टाकून गेलो. बाबा खोकी भरत होते. प्रत्येक खोक्यावर कागद चिकटवलेला, आत काय आहे त्याची यादी, शेवटी 'दोनदा पाहिले'. मला म्हणाले, "रविवारी सही करताना जवळ उभा राहा. मला सही जमली नाही तर ताईला वाईट वाटेल."

तिथे मला राहवलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, केस कापायला गेल्यापासून फोनपर्यंत. ते खाली बसले. मला वाटलं, आता उठून एक ठेवून देतील. द्यावी असंच वाटत होतं.

ताई, रविवारी सह्या होणार नाहीत. तू त्या लोकांना फोन कर, नाहीतर मी करतो आणि कारण माझंच सांगतो. सहा महिन्यांनी बाईंकडे नेऊ, त्या म्हणतील ते ऐकू, पण माझ्या खोट्यावर बाबांना घराबाहेर काढायचं नाही. तू मात्र रविवारी ये. ही अजून काही जाणत नाही, तिला आज संध्याकाळी सांगतो. मग तुम्ही दोघी मला काय बोलायचं ते बोला. मी मध्ये बोलणार नाही, विषयही बदलणार नाही.

बाबांचं राहिलं. त्यांनी जवळचं खोकं बाजूला सरकवलं. मग विचारलं, "म्हणजे ते मी नव्हतो?" मी म्हटलं, नाही. "नक्की ना?" नक्की. तीन महिन्यांत पहिल्यांदा ते रडले, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बरं झालं रे, तू होतास."

शिव्या दिल्या असत्या तर घरी येऊन जेवलो असतो.

तुझा,
बारक्या