कॉम्प्युटरचा आवाज गेला तेव्हा

२४ ऑक्टो. २०१०, आमगाव
दिवाळीची साफसफाई. माळा झाला, डबे घासले, तरी हात शिवशिवत होते, म्हणून घरचा कॉम्प्युटरही झाडायला घेतला. शाळेत पोरांना लिनक्स शिकवते मी, मला कसली भीती! कधी न लागणारी पॅकेजेस निवडली. खेळ, परदेशी भाषा, आवाजाचं काहीबाही. ‘यासोबत हेही निघेल’ म्हणून लांबलचक यादी आली. न वाचताच हो म्हटलं. बरीच जागा मोकळी झाली. समाधान.

२५ ऑक्टो.
आमचे हे सकाळी नाटक लिहायला बसले. यांना अक्षरं दिसेनाशी झाल्यापासून टाइप केलेलं कॉम्प्युटरच वाचून दाखवतो, त्याच्यावरच यांचं लिहिणं टिकलंय. आज गप्प.
“काऊन बोलून नाही राहिला हा?”
वाचणारा प्रोग्रॅम त्या यादीत होता. कालच्या केरात गेला. सांगून टाकलं. रागावले नाहीत, नुसते कीबोर्डवर हात ठेवून बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. भाऊबीजेनंतर कामठ्याला मंडईची जत्रा, त्यात दरवर्षी यांचं नाटक. शेवटचा प्रवेश बाकी, मंडळी तालमीसाठी खोळंबलेली.

२७ ऑक्टो.
घरी इंटरनेट नाही, शाळेतलं बंद. पॅसेंजरने गोंदिया. कॅफेवाला म्हणाला, “मॅडम, ये अकेला नहीं चलेगा, इसके पीछे पूरी बारात लगती है।” ऐकलं नाही, एकच पॅकेज पेन ड्राइव्हवर घेऊन आले. घरी टाकलं, तर ते दुसरं मागतं. दुसरं तिसरं मागत असणार. अक्कल!

२८ ऑक्टो.
तोवर मीच वाचून दाखवते. नाटकातल्या मालगुजार जमीनदाराचं बोलणं जाड आवाजात वाचलं, तर हे पोट धरून हसले.
“त्या मशीनचं मराठी म्हणजे गोंदियाच्या सेठचं मराठी. तू वाचून राहिली त नाटक वाटते.”
असे बसलो नव्हतो कित्येक दिवसांत. डॉक्टर, थेंब, चष्म्याचे नंबर, एवढंच बोलत होतो.

३१ ऑक्टो.
पुन्हा गोंदिया. अख्खी बारात घेऊन आले. पर्स खुंटीला लावते न लावते तोच यांची हाक, “बस, वाच.”
पेन ड्राइव्ह पर्समध्येच. सांगितलं नाही.

२ नोव्हें.
अजून पर्समध्येच. हे सांगतात, मी टाइप करते. शेवटच्या प्रवेशाशी गाडी अडली. बायको नवऱ्याला सोडून माहेरी निघते, दारात थांबते, आणि
“पुढे सांगा ना.”
“नाही जमून राहिलं.” मग म्हणाले, “तुझ्यासमोर नाही लिहिता येत वो. मी खोडायच्या आधीच तू ऐकतेस. ती काय म्हणते, ते मले एकट्याले ठरवायचं आहे.”
वाईट वाटलं. खूप. राग पण आला. माझ्या आवाजापेक्षा तो सेठ बरा?
मग वाटलं, यांचं एकट्याचं असं आता उरलंय तरी काय. आणि तेही मी पर्समध्ये घालून हिंडतेय.

३ नोव्हें.
टाकलं. या वेळी प्रत्येक ओळ वाचून मगच हो म्हटलं. आवाज आला, तस्साच सपाट.
“आला का रे बाबा!” हे त्यालाच म्हणाले. कानाला हेडफोन लावून बसले. मी चकल्या तळत होते. मधे एकटेच हसले. खोडलं असावं, परत लिहिलं. मग बराच वेळ कळांचा आवाज नाही.
चहा घेऊन गेले, तर डोळे पुसत होते.
“काय झालं?”
हेडफोन सरकवला. “काही नाही. बोलली ती शेवटी.”
“काय बोलली?”
“मंडईले ये. ऐकशील.”
पुन्हा हेडफोन कानाला. पडद्यावर सगळं उघडंच होतं. मी कुठे बघतेय ते यांना दिसत नाही. खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. आज तरी.