खळ्यातली सायकल

अप्पा, उद्या मला तेरच्या पलीकडच्या एका गावात बोलायला जायचं आहे. तिथल्या पोरींची शाळा सुटत चालली आहे. हायस्कूल दुसऱ्या गावात, एसटी येईल तेव्हा खरी, आणि पोरींच्या हातात सायकल द्यायला घरचे तयार नाहीत. रस्ता सुना असतो, म्हणतात. मी माझी तयारी केली आहे. काय बोलायचं ते ठरलं आहे, कुणाला दुखवायचं तेही ठरलं आहे. सुरुवात तेवढी सुचत नव्हती. ती शोधत बसले आणि समोर तुम्हीच आलात, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कॅरिअरवर खणांचं गाठोडं करकचून बांधलेलं. म्हणून भाषण बाजूला सारून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही बाजार करणारे व्यापारी. आज या गावी, उद्या त्या गावी, खण आणि लुगडी घेऊन फिरायचं. जळकोटवरून जाणारी मोठी सडक हाताशी असताना तुम्ही कायम आतल्या गाडीवाटेनं जायचात. सडकेवर मोटारी होत्या, लढाई चालू होती म्हणून लष्करी ट्रक होते, नाक्यावर गाठोडं सोडायला लावणारे शिपाई होते. पण खरं कारण ते नव्हतंच. शिपाई तुम्हाला ओळखायचे, पान खायला घालायचे. एकदा मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "सडकेवर माणूस पोचतो गं. ह्या वाटंनं जातो." मला तेव्हा ते कळलं नाही. पुढं मी बरंच वाचलं. फ्रान्सच्या खेड्यांतून, द्राक्षांच्या मळ्यांमधून निवांत रस्त्यांनी सायकलवर भटकणाऱ्या लोकांची वर्णनं वाचली. दिवसभरात एखादी गाडी दिसते, एखादा कुत्रा भुंकतो, बाकी चाकाचा आवाज. ती माणसं केवढ्या कौतुकानं लिहितात. मी वाचत होते आणि डोळ्यांसमोर दोन्ही बाजूंची उभी ज्वारी दिसत होती, मधून चंडोल उडत होते, आणि पुढं तुमची पाठ.

मी चौथी झाले आणि गावातली शाळा संपली. पुढची शाळा नळदुर्गला, तीही तेव्हाच्या सरकारच्या भाषेत, उर्दूतून. तिथं आपलं कुणी नातलग नव्हतं. शहरातल्या मोठ्या घरच्या मुली पडदा लावलेल्या गाडीतून शाळेत जातात असं ऐकलं होतं, पण आपल्याकडं कुठली तशी गाडी. आत्यानं अक्कलकोटकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. आई असून अव्वाला कुणी विचारलं नव्हतं. भाकरी थापताना तिचा हात जरा जोरात पडायचा, एवढंच. आणि एका संध्याकाळी चुलीपुढं बसून तुम्ही सांगितलं, "ती सायकलवर जाईल."

आत्या हसली. "व्हय, आन् मी मोटार हाकीन."

"हाक की. कुणी धरलंय?"

"पोरगी पडली, हातपाय मोडला, तर कोण करंल तिला?"

"तुझं स्थळ करील. त्यानं कुठं बघितलीय तिला अजून."

अव्वा तोंडाला पदर लावून हसली, आणि आत्या दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही.

शिकवायला तुम्ही गाडीवाटच निवडलीत. तिथं बघणारं कुणी नव्हतं. बैलगाड्यांनी काळ्या मातीत दोन चाकोऱ्या पाडल्या होत्या, वीतभर खोल, तळाला घासून घासून गुळगुळीत झालेल्या. पुढं लोक भाषणात चाकोरी हा शब्द वापरायला लागले की मला हसू यायचं, त्यांनी ती बघितलेलीच नसायची. परकर खोचून, दांडीखालून पाय घालून मी सायकल धरायची, आणि तुम्ही मागून, "निधान, निधान." हळू म्हणायला तुम्हाला कानडीच शब्द लागायचा. चाक चाकोरीत ठेव, मग पडणार न्हाईस, एवढाच तुमचा धडा. आणि खरंच पडत नव्हते. दोन्ही बाजूंनी माती चाकाला धरून ठेवायची. महिनाभरात मी गाठोड्यासकट सायकल नेऊ लागले. तुम्ही गावभर सांगत सुटलात.

माळाचा चढ आला की तुमचा दुसरा नियम. चढताना बोलायचं. पाढे म्हण, पाठ केलेलं म्हण, नाहीतर आत्याला शिव्या दे, पण तोंड बंद ठेवायचं नाही. मी धापा टाकत म्हणायची, अप्पा, दम पुरत नाही. "मग वाक्य लहान कर. थांबू नको." अप्पा, आजवर मला किती जणांनी विचारलं की बोलायला कुठं शिकलात. मी मोठमोठ्या ग्रंथांची नावं सांगते. माझ्या वाक्याची लांबी मात्र त्या चढानं ठरवलेली आहे.

मग जळकोटचा तो बाजार. आत्याला दाखवायचं म्हणून तुम्ही तिला गाडीत बसवून आणलंत आणि मला सायकलवर पुढं सोडलंत. वाट जिथं सडकेला लागते तिथं चाकोरी संपते. समोर एवढी रुंद सडक, पलीकडं बाजार, आणि मला डावीकडं वळायचं होतं. तेव्हा कळलं की मला वळताच येत नाही. आजवर वळण मातीनं घेतलं होतं, मी नाही. मी सरळ गेले. सडक ओलांडली आणि वाळल्या मिरच्यांच्या ढिगात घुसले. सगळा बाजार शिंकायला लागला. मिरचीवाली कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं माय, पोत्यात बसायचं व्हतं तर सांगायचं, तोंड उघडून धरलं असतं."

आत्या गाडीतून उतरलीच नाही. बसल्या जागेवरूनच तिनं विचारलं, "सायकल शिकवली म्हणं. वळायचं कोण शिकवणार, नवरा?"

लोक हसले. मी रडायला लागले. तुम्ही मला उचलाल, जवळ घ्याल असं वाटलं होतं. तुम्ही सायकल उचललीत, हँडल सरळ केलंत आणि माझ्याकडं बघून म्हणालात, "रडणं मागनं. आधी मिरच्या गोळा कर." मी एकेक मिरची वेचली. हात भाजत होते, डोळ्याला हात लावता येत नव्हता, म्हणून रडणंही आपोआप थांबलं. सगळ्या वेचून झाल्यावर तुम्ही आत्यासमोर, भर बाजारात म्हणालात, "चूक माझी हाय. मी तिला वाट शिकवली, सायकल न्हाई शिकवली." बापमाणसानं लोकांसमोर चूक कबूल केलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. नंतरही फारशी पाहिली नाही.

आत्यानं तिथंच सांगितलं, शाळा उघडायच्या दिवशी पोरगी सडक ओलांडून एकटी गेली आणि एकटी परत आली तर ठीक, न्हाय तर पाहुण्यांना निरोप धाडते. तुम्ही मान डोलावली. आता सारं त्याच्यावर होतं.

वळायला मोकळी, सपाट, गोल जागा पाहिजे. गावात तशी एकच, खळं. मळणी उरकली होती, सारवलेली जमीन तशीच होती, मधे बैल बांधायचा खांब, तिवडा, उभा होता. तुम्ही मला घेऊन खळ्याच्या मालकाकडं गेलात, ज्यांना आपण मामा म्हणायचो. मामांनी सायकल वरपासून खालपर्यंत बघितली.

"अप्पा, खळ्यात कुणी पायताण घालून येतं का? आन् तुम्ही सायकल घालायला निघालात."

"सायकलीला पाय कुठायत मामा, पायताण घालायला?"

"रबर हाय की."

"धुवून घेतो."

"काय?"

"चाकं. धुवून घेतो. तुमचे बैल तर न धुता फिरत्यात."

"बैलाचं येगळं. बैल शेण टाकतो, सारवायला कामाला येतं. सायकल काय टाकती?"

"आजवर तर निसती पोरगीच टाकलीय."

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, चाकं धुवा, आन् पोरीला अनवाणी चालवू द्या. त्या दिवसापासून रोज सकाळी मी विहिरीचं पाणी आणून दोन्ही चाकं धुवायची, देवाची भांडी घासावीत तशी, आणि अनवाणी पायडल मारत तिवड्याभोवती फिरायची. आधी एका बाजूनं, मग उलट्या. तुम्ही तिवड्याला टेकून उभे राहून माझ्याबरोबर गोल फिरायचात आणि चक्कर आली की बसायचात. मामांची बायको दाणे पाखडायचं सूप हातात घेऊन बघायला यायची. एकदा म्हणाली, "बैलापरास बरी वळती की." तुमच्या तोंडून मी कधी शाबासकी ऐकली नाही, पण ते वाक्य तुम्ही घरी येऊन अव्वाला तीनतीनदा सांगितलंत.

शाळा उघडायचा दिवस. पाऊस होऊन गेला होता, काळ्या रानातून सायकल निघणं शक्य नव्हतं. आदल्या दिवशीच तुम्ही मडगार्ड काढून टाकलीत, चिखल भरायला जागाच नको म्हणून, आणि माळाची मुरमाड वाट धरायला सांगितलीत. ती वाट नळदुर्गच्या अलीकडं एकदा सडक ओलांडते. तिथपर्यंत तुम्ही माझ्याबरोबर चालत आलात. सडकेवरून ट्रकांची रांग गेली, शिपाई आपल्याकडं बघून काहीतरी ओरडले. धूर विरल्यावर तुम्ही सीटवरचा हात काढलात. "जा," म्हणालात. पुढं येतो म्हणाला नाहीत, जपून जा म्हणाला नाहीत. मी सडक ओलांडली, डावीकडं वळले, बाभळीखालच्या वाटेला लागले आणि गेले. शाळेत पोचले. दिवस मावळायच्या आत परतही आले. आत्यानं दारातच माझे हातपाय चाचपून बघितले, काही मोडलेलं सापडलं नाही, मग तिनं भाकरी वाढली. त्या स्थळाचा विषय आपल्या घरात पुन्हा निघाला नाही.

म्हणून उद्या मी त्या गावात जाणार, अप्पा. रस्ता सुना आहे म्हणतील. मी म्हणेन, सुना आहे म्हणूनच पोरीनं तिथं सायकल शिकायची, वर्दळ झाल्यावर कोण शिकतं. पोरी पडतील म्हणतील. मी म्हणेन, पडू द्या, मग काय सांडलंय ते त्यांच्याकडूनच गोळा करून घ्या. एका सभेत ऐकलं नाही तर दुसरी घेईन. सायकली मिळेपर्यंत मी तो गाव सोडणार नाही. वाक्यं लहान करावी लागतील, आता दम पूर्वीसारखा नाही, पण थांबणार नाही.

हे कागद उद्याच्या पिशवीत ठेवणार नाही. इथं टेबलाच्या कप्प्यातच राहतील. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. त्या दिवसाबद्दल मी कितीतरी सभांत सांगितलं. दर वेळी म्हणते, मी वळले आणि मागं एकदाही बघितलं नाही. लोक टाळ्या वाजवतात. खरं म्हणजे चालत्या सायकलवर मान फिरवायला मला तोवर येतच नव्हतं. मला बघायचं होतं, अप्पा. तुम्ही लगेच परत फिरलात की मी दिसेनाशी होईपर्यंत तिथं उभे होतात, ते तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं.