अरिहंतला नमवणारी मिठाची बॅटरी

२९ ऑक्टोबर २००४
कळंबच्या देवळात काकडा सुरू झाला. पहाटे लाइट नसते, म्हणून माइक अरिहंतच्या बॅटरीवर. मंचरला बॅटऱ्यांचं दुकान टाकलं म्हणजे हा शास्त्रज्ञ? गारठ्यानं बॅटरी बसली. मी सगळ्यांना कारण समजावत होतो, तर हा चारचौघांत म्हणाला, "सर, तुमी कारणं सांगा, मी बॅटरी बदलतो." सगळे हसले. काकडा म्हणणारे गेणभाऊ तर टाळ खाली ठेवून हसले. सूड घेणार. मी केमिस्ट्रीचा एम.एस्सी. आहे. (सेकंड क्लास. पेपर अवघड होते.)

३१ ऑक्टोबर
संकल्प : थंडीला दाद न देणारी सोडियम बॅटरी. पौर्णिमेच्या शेवटच्या काकड्याला माइक तिच्यावर, आणि अरिहंतची मान खाली. सोडियम मिठात आहेच. प्रश्न इलेक्ट्रोडचा. थंडीत सोडियम आळशी होतो, त्याला शिरायला ऐसपैस पोकळ्यांचा कोळसा लागतो. त्या कोळशासाठी तळेघरहून भाताचं तूस आणलं. शिशाच्या बॅटऱ्या विकणाऱ्याला हे सुचेल?

६ नोव्हेंबर
तूस डब्यात कोंडून भाजलं. घरभर धूर. स्नेहल माहेरी गेली. बरं झालं, एकाग्रता वाढेल.

१५ नोव्हेंबर
निम्मा कोळसा गायब! अरिहंतचा हेर?
संध्याकाळी : आईनं मिसरी समजून दात घासले. "लई झ्याक हाय," म्हणे. शेजारच्या कोंडाबाईला वाटीभर दिलीसुद्धा. उरल्या कोळशाची पट्टी पातळ झाली. थंडीत पातळ पट्टीच उत्तम, हे मला आत्ताच सुचलं.

२२ नोव्हेंबर
टेस्ट यशस्वी. बल्ब लागला. शेजारी शेगडी पेटलेली होती, पण तो तपशील. अरिहंतला मुद्दाम आमंत्रण दिलं. "येतो की सर," म्हणाला. बिचारा. त्याला क्षमा करीन, पण लगेच नाही.

२६ नोव्हेंबर, सकाळ
कडाक्याची थंडी. माइक माझ्या बॅटरीला जोडला. गेणभाऊंनी तोंड उघडलं आणि माइक गप्प. अरिहंतनं आपली बॅटरी जोडली. ते मुकाट्यानं जोडणंच मला झोंबलं. आरती संपल्यावर मी त्याला त्या अपमानाबद्दल फाडफाड सुनावलं.
तो गोंधळला. "मी? असं कदी म्हनलो व्हतो, सर?" गेणभाऊंनाही आठवेना. कोणालाच आठवेना. शेवटी मीच ते वाक्य हातवारे करून म्हणून दाखवलं.
सगळे पोट धरून हसले. अरिहंत म्हणाला, "लई भारी वाक्य हाय, सर. दुकानाच्या पाटीवर टाकतो."