चुन्याचे ठिपके

करडी, गुरुवार, १९८८, दिवेलागणीला

आज नागपूरहून परतले, पण डोकं अजून त्या ठिपक्यांतच आहे.

छातीच्या पहिल्या फोटोत सगळीकडे पांढरे ठिपके पाहून डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या होत्या. मग म्हणाल्या, "काही लावून आल्या का?" आले होते ना! छातीतली गाठ हाताला लागल्यापासून सासूबाई रोज हळद-चुन्याचा लेप देत होत्या, मुरगळलेल्या पायाला देतात तसाच. फोटोत तो चुनाच चमकला. काय राग आला होता मला सासूबाईंचा! धुऊन पुन्हा फोटो काढला, तर चिमूटभरच ठिपके उरले. ते मात्र खरे निघाले, गाठीतलेच. गाठ काढली, तुकडा मुंबईला तपासायला गेला.

आज त्याचा रिपोर्ट आला. बाईंनी फोटो आणि रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "ठिपके एवढ्याशाच जागेत आहेत, म्हणजे कॅन्सर लवकर सापडला. अन् ही गाठ बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसते, म्हणजे उरलंसुरलं असंल तर गोळीनं त्याचं खाणं बंद करता येते. दोन्ही मिळून चांगलंच सांगून राहिले."

चांगलंच? मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाल्या. बरी होईन का मी? होईन, वाटतं.

घरी सगळं सांगितलं. चुन्याचं निघालं तशा सासूबाई कोपऱ्यात जाऊन बसल्या, पानसुद्धा लावलं नाही. आत्ता गोळी आणि पाणी घेऊन उभ्या आहेत.

"हे लावाची नाही ना वं? खायाचीच ना?"