सतराव्या नमुन्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त विषाणुशास्त्रज्ञ, कोणाच्या दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. आठवडाभर काढाल, असेही तेच म्हणाले. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि कपाटातले सगळे माझ्या मुलीला. ती लहान असताना कामावरून आले की तिला जवळ घेण्याआधी मी कोपरापर्यंत हात घासत बसे, तोवर ती झोपून जाई. घराने त्याची भरपाई होत नाही, हे मला कळते.

२. आमच्या संचालकांना काहीही नाही. लस निघाली तेव्हा फीत कापायला ते पुढे, फ्रीजर बंद पडला तेव्हा जबाबदार मी. शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. ते बोलतीलच.

३. माझा मोबाइल, त्याच नंबरासकट, माझ्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षे मदतनीस असलेल्या बाईंना. कुठलीही कुपी हातात घेतली की त्या आधी झाकण तपासत, म्हणून आम्ही त्यांना ‘झाकण’च म्हणायचो. मोबाइल का, ते सांगते.

एकोणीस वर्षांपूर्वी तापाची साथ आली, तेव्हा मी सहा वर्षांच्या एका मुलाच्या घशातून नमुना घेतला. तो सतरावा. दुसऱ्या दिवशी, तेवीस तारखेला, मूल गेले. त्याच्या आईने मला दारात अडवले. “त्याच्या घशातलं ते तुमच्याकडे आहे ना? मारून टाका त्याला.” मी हो म्हटले आणि माझा नंबर दिला. मास्कमुळे तिने माझा चेहरा पाहिला नाही. तिला फक्त आवाज माहीत आहे.

मला ते मारता आले नाही. बाकीच्या नमुन्यांतून विषाणू वाढेनात, हाच एक वाढला. पेशींमध्ये साठ-सत्तर वेळा वाढवून आम्ही त्याला दमवले आणि त्याचीच लस केली. आजही प्रत्येक डोसात तोच आहे, दात पडलेला. मूळ नमुना संस्थेच्या फ्रीजरमध्ये आहे. तो माझ्या मालकीचा नाही, म्हणून नष्ट करा असेही मला इथे लिहिता येत नाही.

दरवर्षी या महिन्याच्या तेवीसला तिचा फोन येतो. “मेलं ना ते?” मी म्हणते, “मेलं.” ती “बरं झालं” म्हणते आणि ठेवते. सहा वर्षांपूर्वी मात्र नातीला आमची लस टोचून आणल्याचे तिने आनंदाने सांगितले.  मग नेहमीचा प्रश्न विचारला, आणि मी तेव्हाही “मेलं”च म्हटले.

झाकणबाईंना मी आधी विचारले. त्या म्हणाल्या, “मॅडम, मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं सांगायची छाती नाही.” हे सगळे माहीत असलेले दुसरे कोणी नाही. त्यांनी काय सांगावे, ते मी इथे तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले. फोन चार्ज करून ठेवावा आणि उचलावा, एवढीच विनंती.

साक्षीदार: शेजारचे निवृत्त शिक्षक आणि खालचे औषध दुकानदार. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. मजकूर मी त्यांना वाचू दिलेला नाही.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली.

दिनांक: चौदा. डॉक्टरांचा आठवडा एकवीसला संपतो.